विभक्त मतदारसंघ व भारतीय ख्रिस्ती समाज

ज्या काळी धर्मागणिक मतदारयाद्या करून प्रजेची वाटणी करण्याकडे इंग्रज सरकारचा कल होता, त्या काळी ख्रिस्ती समाजातील एका विचारी वर्गाने, श्रद्धा ही सवलत मागण्याचा परवाना नसून सेवेचे बंधन आहे असे मानून, या व्यवस्थेस विरोध केला. या विचाराचे अग्रणी कनकरायन टी. पॉल (१८७६–१९३१) यांनी १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेत अशा विभक्त मतदारसंघांविरुद्ध बाजू मांडली. समाजाचे मत मात्र एक नव्हते; ए. टी. पन्नीरसेल्वम यांच्यासारखे नेते संरक्षणाचा आग्रह धरीत, आणि संख्येने अल्प समाजाच्या मनातील ती धास्ती निराधार म्हणता येणार नाही. इंग्रज सरकारच्या १९३२ च्या जातीय निवाड्याने विभक्त मतदारसंघ लादले गेलेच.

पुढे संविधानसभेचे उपाध्यक्ष व अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती असताही, धार्मिक अल्पसंख्याकांच्या विधिमंडळांतील राखीव जागा सोडून देण्याच्या बाजूने उभे राहिले, आणि जेसुइट धर्मगुरू जेरोम डिसोझा यांनीही त्या निर्णयास पाठिंबा दिला. सत्तेतील हमखास वाटा सोडून शेजाऱ्याच्या सद्भावावर विसंबणे हे दुर्बलतेचे लक्षण नव्हे. ख्रिस्ती नागरिकत्वाचा तो सर्वांत प्रांजळ आविष्कार होय. मे १९४९ मध्ये संविधानसभेने या जागा रद्द केल्या. धर्माचरणाचा व धर्मप्रसाराचा हक्क मात्र अनुच्छेद २५ अन्वये सर्व व्यक्तींस सारखाच मिळाला.