भिंतीतलं कुराण

ताश्कंद म्हटलं की आपण लालबहादूर शास्त्रींपाशी थांबतो. मी नोकरीसाठी तिथे राहत होते, तेव्हा माझ्या घरमालकीणबाईंना १९६६ साल म्हटलं की आठवायचा तो भूकंप. सगळी गल्ली त्यांना बुवी म्हणायची, म्हणजे आजी.

२६ एप्रिलच्या पहाटे जुन्या शहरातलं त्यांचं मातीचं घर हादरलं. आतल्या खोलीची भिंत ढासळली आणि विटांमधून मेणकापडात गुंडाळलेलं कुराण निघालं. बुवींच्या आजोबांनी तिसाच्या दशकात ते चिणून ठेवलेलं. त्या सोविएत काळात मशिदींची गोदामं होत होती, मुल्लांना रातोरात उचलून नेत होते आणि अरबी अक्षरांचं पुस्तक घरात सापडणं म्हणजे संकटाला आवतण. आजोबा कुणाला काही न सांगताच गेले.

घरात शिकली-सवरली माणसं होती, पण वाचता येईना कुणालाच. उझबेक भाषेची अरबी लिपी विसाच्या दशकाअखेर जाऊन लॅटिन आली, १९४० मध्ये रशियन. वाचलं ते बुवींच्या आजीनं. ती ओतिन होती, म्हणजे बायकामुलींना घरातच धर्म शिकवणारी. दारावर थाप पडली की धडा थांबायचा आणि सगळ्याजणी पुलावाची गाजरं चिरायला बसायच्या.

बाहेर मात्र सगळं रीतसर. युद्धात मुसलमानांची साथ हवी होती, म्हणून १९४३ मध्ये स्टालिननं ताश्कंदला मुफ्तींचं धर्ममंडळ स्थापू दिलं. एशोन बाबाखान पहिले मुफ्ती, मग मुलगा झियाउद्दीन, मग नातू शम्सुद्दीन. समाजवादी राज्यात १९८९ पर्यंत गादी एकाच घरात! मंडळ इमाम नेमायचं, हजला मोजकी, पारखलेली माणसं जायची, आणि दर्ग्याला जाऊ नका असे फतवेही तिथूनच निघायचे. टाळं ठोकलं की लोकांचा राग सरकारवर. फतवा निघाला की मुफ्तींवर. ही युक्ती मला टाळ्यापेक्षा जास्त धूर्त वाटते.

‘मुफ्तीसाहेबांना सलाम करायचो,’ बुवी म्हणाल्या, ‘पण घरात मयत झाली की बोलवायचो ओतिनलाच.’

१९९१ मध्ये उझबेकिस्तान स्वतंत्र झाला. राष्ट्राध्यक्ष करीमोव यांनी मंडळाची पाटी बदलली, लगाम तोच ठेवला. १९९८ च्या कायद्यानं तर खासगीत धर्म शिकवायलाच बंदी आली, म्हणजे ओतिन पुन्हा चोर. कोण जास्त नमाज पढतो यावर मोहल्ल्याच्या समितीची नजर असायची.

‘सोविएत साहेबांना आमच्यातलं काही कळायचं नाही,’ बुवी म्हणाल्या. ‘हे आमचेच. कुणाच्या घरी काय शिजतं ते यांना न विचारता ठाऊक.’