मराठीच्या अभ्यासक्रमाची वेस

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. त्याच्या दोन वर्षे आधी, १८५५ साली, मराठीत दोन मजकूर लिहिले गेले. एक जोतीराव फुले यांचे 'तृतीय रत्न' हे नाटक. दुसरा, त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध. निबंध 'ज्ञानोदय'च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत छापून आला. नाटक मात्र लेखकाच्या हयातीत छापलेच गेले नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची. पहिले स्वतंत्र गद्य नाटक म्हणून जे सांगितले जाई ते वि. ज. कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' १८६१ चे. हे दोन्ही मजकूर त्यांच्या आधीचे आहेत. असे असूनही मराठी विषय घेऊन पदवीधर झालेल्या कित्येक पिढ्यांना त्यांची गंधवार्ता नव्हती.

हा केवळ विसरभोळेपणा होता काय? गावाला वेस असते, तशी अभ्यासक्रमालाही असते. कोणते वाङ्मय वेशीच्या आत आणि कोणते बाहेर, हे कुणीतरी ठरवत असते. ही वेस कुणी बांधली, ती कशी ओलांडली गेली आणि ओलांडल्यानंतर आत येऊन आपण काय करीत आहोत, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१

'तृतीय रत्न'ची हकिकत खुद्द फुल्यांनीच 'गुलामगिरी'त (१८७३) नमूद करून ठेवली आहे. त्यांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले होते. पेशवाईत ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलात पुढे अंशतः मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळविण्यात आली होती. म्हणजे मराठी ग्रंथांना उत्तेजन देणाऱ्या पैशाचे मूळच दक्षिणेत होते. एका भटजीने शूद्र कुणबी जोडप्याला ग्रहांची भीती घालून कसे लुबाडले, हे दाखविणारे नाटक त्या कमिटीला रुचणे शक्य नव्हते. ते नापसंत ठरले. १९६९ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादित केलेले फुल्यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले. त्या पहिल्या आवृत्तीतही ते नव्हते. शेवटी १९७९ साली 'पुरोगामी सत्यशोधक' या त्रैमासिकात ते छापले गेले. लिहिल्यापासून १२४ वर्षांनी!

हे नाटक एका त्रैमासिकाने छापले, याकडे मुद्दाम लक्ष वेधतो. जे काम विद्यापीठांनी आणि मंडळांनी करायला हवे होते ते एका चळवळीच्या छोट्या नियतकालिकाने केले. पुढे दलित साहित्याच्या बाबतीतही नेमके हेच घडलेले दिसेल.

२

विद्यापीठ स्थापन झाले तरी मराठीला तेथे मानाचे पान मिळाले नाही. पहिल्या काही वर्षांतच देशी भाषा वरच्या परीक्षांतून बाहेर काढल्या गेल्या. न्यायमूर्ती रानडे यांना याची खंत होती. मराठीला विद्यापीठात पुन्हा स्थान मिळावे म्हणून त्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट केली. तिचे मोल नाकारण्याचे कारण नाही.

पण याच रानड्यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण १८८५ साली फुल्यांना आले तेव्हा त्यांनी ते नाकारले. त्यांचे उत्तर ११ जून १८८५ च्या 'ज्ञानोदय'त प्रसिद्ध झाले. त्याचा आशय असा, की जे लोक माणसांचे हक्क सर्वांना प्रत्यक्ष व्यवहारात देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही. आम्हा शूद्रातिशूद्रांना काय भोगावे लागते ते त्यांच्या ग्रंथांत कसे येणार?

दोघांचेही गाऱ्हाणे खरे होते, पण त्या गाऱ्हाण्यांची पातळी वेगळी होती. रानड्यांची तक्रार होती की भाषा विद्यापीठाबाहेर राहिली आहे. फुल्यांची तक्रार होती की भाषा बोलणारी बहुसंख्य माणसे त्या भाषेच्या वाङ्मयाबाहेर राहिली आहेत. रानड्यांचे गाऱ्हाणे विसाव्या शतकात दूर झाले. मराठी बी. ए., एम. ए.ला शिकविली जाऊ लागली, तिच्या वाङ्मयाचे इतिहास लिहिले गेले, प्राध्यापक झाले. फुल्यांचे गाऱ्हाणे तसेच राहिले. 'वाङ्मय म्हणून वाङ्मय' पाहण्याच्या गोष्टी जेव्हा वर्गात चालू होत्या, तेव्हा 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) यांची पाने लिहिली जात होती. त्या गद्याला मराठी गद्याच्या इतिहासात किती ओळी मिळाल्या?

याच १८८० च्या दशकाचा आणखी एक धागा आहे. फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन केले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि वरच्या शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला होतो, असे त्यांनी त्यात सांगितले. अभ्यासक्रमात काय असावे या प्रश्नाच्या आधी वर्गात कोण बसतो हा प्रश्न येतो, ही त्यांची दृष्टी होती. इतिहासाने तीच खरी ठरविली.

३

वर्गात कोण बसतो हे बदलायला १९४० चे दशक उजाडावे लागले. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ पासून, अनुसूचित जातींसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि १९५० साली औरंगाबादेत पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आलेले महाविद्यालय सुरू झाले. निजामी राजवट संपून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. ज्या बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली, त्यांनी मराठवाड्यासारख्या मागास मुलखात कॉलेज काढले, यात एक सरळ हिशेब होता. जेथे सावकार, पाटील आणि देशमुख यांच्याशिवाय लिहिलेले कुणी वाचत नव्हते तेथे वाचणारा निर्माण करायचा.

नागसेनवनातील वसतिगृहांचा मराठी साहित्याशी संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध सरळ आहे. म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी केले. म. ना. वानखडे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वाङ्मयाकडे येथल्या तरुणांचे लक्ष वेधले. मिलिंदमध्ये मराठी शिकविणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' उभे केले. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९) याच परिसरातून आले. शिष्यवृत्तीची रक्कम, वसतिगृहाची खोली, ग्रंथालयाचे कार्ड आणि त्रैमासिकाचे एक पान, या चार गोष्टींनी जे केले ते कोणत्याही अभ्यासमंडळाने केलेले नाही.

मुंबईत हेच काम गिरणगावातून आणि झोपडपट्टीतून होत होते. २ मार्च १९५८ रोजी पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी केले. बाबूराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती!' १९६३ साली आले, नामदेव ढसाळांचे 'गोलपिठा' १९७२ साली. हे सारे विद्यापीठाच्या परवानगीवाचून घडले. अभ्यासक्रमाचे दार पुढे उघडले. वाचकाने आधी निर्णय दिला आणि विद्यापीठाने मागाहून त्यावर शिक्का मारला.

४

१९७८ साल या दृष्टीने विसरता येत नाही. त्या वर्षी दया पवारांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले आणि पांढरपेशा वाचक दचकला. त्याच वर्षी २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे यांना जीव गमवावा लागला. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. एका बाजूने दलिताचे आत्मकथन वाचून हळहळायचे आणि दुसऱ्या बाजूने त्याच्या पदवीच्या कागदावर त्याच्या उद्धारकर्त्याचे नाव सोसायचे नाही, हे एकाच समाजात एकाच वेळी चालले होते. साहित्य वाचल्याने समाज आपोआप बदलतो, असे मानणाऱ्यांनी हे वर्ष ध्यानात ठेवावे.

आता दलित साहित्य अभ्यासक्रमात आहे. त्याची प्रश्नपत्रिका आहे, घटक आहेत, गुण आहेत. गाईडेही आहेत. त्या गाईडांत दलित साहित्याची वैशिष्ट्ये चार मुद्द्यांत मिळतात : वेदना, नकार, विद्रोह, बोलीभाषा. विद्यार्थी ती पाठ करतो, लिहितो, पास होतो. ज्या विद्रोहाने प्रस्थापितांची झोप उडविली तो आज दहा गुणांच्या टिपेत मावतो. पूर्वी दलित साहित्य बाहेर ठेवून निरुपद्रवी केले होते. आता आत घेऊनही तेच साधता येते.

५

मग शिकवायचे कसे? मी स्वतः घरातला पहिला पदवीधर. वर्गातली बहुतेक मुलेही तशीच. त्यांच्यापुढे 'बलुतं' ठेवले की पहिला प्रश्न शैलीचा येत नाही. बलुते का द्यायचे आणि ते मागावे का लागायचे, असे ती विचारतात. तेथून वतनाकडे जावे लागते. महाराने सरकारी बोलावणी पोचवायची, मेलेले ढोर ओढायचे, साहेबाच्या घोड्यामागे धावायचे आणि मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन नि गावाकडून बलुते घ्यायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, पण ते पार पडले नाही. वतन कायद्याने संपले ते १९५८ च्या कायद्याने. त्या जमिनी पुन्हा वतनदारांना देताना परवानगीशिवाय विकता येणार नाहीत, अशी अट घातली गेली. त्याच जमिनींच्या व्यवहारांच्या भानगडी आजही वर्तमानपत्रांत येतात. मुले घरी जाऊन आपल्या सातबारावर काय लिहिले आहे ते पाहतात. पुस्तक तेथे खऱ्या अर्थाने शिकवून होते.

दुसरे उदाहरण. मुक्ता साळवे हिने १८५५ साली लिहिले की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने १९८६ साली आले. महारवाड्यातील बाळंतिणीची उपासमार त्यांनी जशी लिहिली आहे तशी मराठीत क्वचितच कुणी लिहिली असेल. दोन मजकुरांत १३१ वर्षांचे अंतर आहे. एक मांगाची मुलगी, एक महाराची बाई. दोघीही पुरुषी वाङ्मयेतिहासाने बाजूला ठेवलेल्या. हे दोन मजकूर शेजारी ठेवून वाचले म्हणजे विद्यार्थ्याच्या लक्षात येते की मध्ये पेशवाईनंतरचे इंग्रजी राज्य संपले, स्वराज्य आले, पण बाळंतिणीच्या ताटातले फारसे बदलले नाही. मग ऊसतोडीच्या फडावर बाळंत होणाऱ्या बाईविषयी बोलायला वर्गात कुणाला सांगावे लागत नाही.

लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) घ्यावे. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. कायदा १९५२ साली रद्द झाला. पोलिसाच्या मनातला कायदा मात्र रद्द झाला नाही. हे सांगितल्याखेरीज त्या आत्मकथनाची एक ओळही कळणार नाही.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. हे साहित्याचे अध्यापन नव्हे, समाजशास्त्राचे झाले. कलाकृतीचे सौंदर्य कुठे गेले? आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकू नये. दलित आत्मकथन म्हणजे जबानी नाही. त्यात रचना आहे, निवड आहे, विनोद आहे, भाषेची धार आहे. 'बलुतं'मधला कावाखाना केवळ माहिती म्हणून डोळ्यांपुढे उभा राहत नाही, लेखकाच्या लेखणीमुळे राहतो. परंतु ज्याला वतन ठाऊक नाही त्याला त्या शीर्षकातली जखमही दिसणार नाही. अर्थ कळल्यावाचून सौंदर्य कळते असे म्हणणारे संतवाङ्मय शिकविताना मात्र तासन्‌तास अद्वैत समजावून सांगतात. अद्वैत सांगणे हे साहित्याचे अध्यापन आणि वतन सांगणे हे समाजशास्त्र, हा न्याय कुठला?

६

आज परिस्थितीने आणखी एक वळण घेतले आहे. शिष्यवृत्तीवर शिकणारी वाडी-वस्तीवरची मुले-मुली मराठीच्या एम. ए.ला आली आणि नेमक्या याच काळात या विषयाला किंमत उरली नाही, असे ऐकू येऊ लागले. सुस्थितीतली मुले केव्हाच इंग्रजीकडे आणि तंत्रशिक्षणाकडे गेली. जागा भरल्या जात नाहीत, वर्ग तासिका तत्त्वावर चालतात. मीही काही वर्षे तसे तास घेतले आहेत आणि पगार महिनोन्‌महिने थकलेला पाहिला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाची गोष्ट आहे. पण भाषेचे अभिजातपण ताम्रपटांत शोधताना ती शिकविणारा आणि शिकणारा उपाशी ठेवला तर त्या दर्जाचा उपयोग कुणाला?

म्हणून काही साध्या मागण्या अभ्यासमंडळांपुढे ठेवाव्या लागतील. मराठी नाटकाचा इतिहास शिकविताना 'तृतीय रत्न' त्याच्या सालावर ठेवा, परिशिष्टात नको. निबंधाचा इतिहास मुक्ता साळवेला वगळून सांगू नका. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत' यांतील गद्य वैचारिक गद्याच्या प्रश्नपत्रिकेत घ्या. दलित साहित्य एका वेगळ्या घटकात कोंडून ठेवू नका. वस्ती वेगळी ठेवण्याची आपली सवय जुनी आहे. आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतून दलित नियतकालिकांचे जुने अंक रद्दीत जाण्यापूर्वी जतन करा. उद्याचा वाङ्मयेतिहास त्यांतूनच लिहिला जाणार आहे.

या मागण्या मान्य होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. नेमलेले पुस्तक कोणतेही असो, त्या पुस्तकातली माणसे आज कुठे आहेत, हा प्रश्न वर्गात विचारायला कोणत्याही विद्वत् परिषदेची मंजुरी लागत नाही. चौदा वर्षांच्या आसपासच्या एका मांग मुलीने तो १८५५ साली विचारला होता. तेव्हा तर विद्यापीठही नव्हते.