पाकीटभर कार्डे आणि ‘माइल’ नावाचे चलन

जून २००८. अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीने एक साधी योजना जाहीर केली. राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रा असलेली एक डॉलरची नाणी नागरिकांनी घरबसल्या मागवावीत; २५० नाण्यांच्या पेटीला नेमके २५० डॉलर मोजावेत; टपालखर्च सरकार सोसेल. कागदी नोट लवकर फाटते, नाणे अनेक दशके टिकते. ते लोकांच्या हाती रुळावे, एवढाच हेतू होता.

मागणी आली, आणि भरपूर आली. पण बाजारात नाणी दिसेनात. ती दिसू लागली बँकांच्या खिडक्यांवर, तीही टांकसाळीच्याच वेष्टनात, न उघडलेली. काही चतुर ग्राहक क्रेडिट कार्डावर नाणी घेत, पेटी तशीच आपल्या खात्यात भरत आणि त्याच पैशातून कार्डाचे बिल मुदतीत फेडत. व्याज शून्य, खर्च शून्य. हाती मात्र उरे प्रत्येक डॉलरमागे एक हवाई ‘माइल’. जुलै २०११ मध्ये टांकसाळीने कार्डावरील विक्री बंद केली, तोवर कित्येकांच्या परदेशवाऱ्या पदरात पडल्या होत्या.

या प्रकाराला लबाडी म्हणावे की हुशारी, यावर अमेरिकेत बराच काथ्याकूट झाला. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. ग्राहकाने खरे तर काहीच खर्च केले नव्हते. मग त्या विमानप्रवासाचे पैसे भरले कोणी?

खरेदीवर बक्षीस देण्याची कल्पना कार्डापेक्षा जुनी आहे. १८९६ मध्ये स्पेरी आणि हचिन्सन यांच्या कंपनीने दुकानांतून हिरवी तिकिटे वाटायला आरंभ केला. गृहिणी ती वहीत चिकटवत आणि वह्या भरल्या की त्यांच्या मोबदल्यात भांडी, दिवे, चादरी घेत. तिकिटांचे पैसे दुकानदार कंपनीला देई आणि अर्थातच मालाच्या किमतीतून वसूल करी. म्हणजे वही न ठेवणारा ग्राहकही त्या भांड्यांची किंमत भरतच होता. पुढच्या शतकात घडलेल्या सर्व गोष्टींचे बीज त्या हिरव्या तिकिटात होते.

१९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब निघाला. फ्रँक मॅकनामारा जेवायला गेला, पाकीट घरी विसरले आणि त्या ओशाळवाण्या क्षणातून कार्ड जन्मले, ही कथा पुष्कळ पुस्तकांत आढळते. ती जाहिरातीसाठी रचलेली असावी, असेच आता मानले जाते. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० घरांना न मागता कार्डे पाठवली. तेच पुढे ‘व्हिसा’ झाले. तरीही पुढची वीस वर्षे एका माणसाने अनेक कार्डे बाळगण्यात विशेष लाभ नव्हता. कार्ड म्हणजे उधारीची सोय. वाण्याच्या वहीचे प्लॅस्टिकचे रूप.

चित्र पालटले १९७८ च्या अखेरीस, आणि तेही अवघ्या आठ आठवड्यांत.

२४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी हवाई वाहतूक खुली करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याआधी चाळीस वर्षे कोणते विमान कोठे उडेल आणि तिकीट काय असेल, हे सरकारी मंडळ ठरवी. भाडे सारखेच असल्याने कंपन्यांची स्पर्धा जेवण आणि आदरातिथ्य यांवर चाले. कायदा बदलताच भाडे कोसळले, नव्या कंपन्या उतरल्या आणि जुन्यांना प्रश्न पडला, की नेहमीचा प्रवासी धरून ठेवायचा कसा?

१८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मार्क्वेट’ खटल्याचा निकाल दिला. बँकेचे मुख्यालय ज्या राज्यात असेल त्या राज्याचा व्याजदर ती देशभरातील ग्राहकांना लावू शकते, असा त्याचा आशय. हा निकाल रूक्ष वाटतो, पण अमेरिकन कार्डव्यवहाराचा पाया त्यावर उभा आहे. न्यूयॉर्कच्या व्याजमर्यादेने आणि भडकलेल्या महागाईने सिटीबँक जेरीस आली होती. दक्षिण डकोटा राज्याने १९८० मध्ये व्याजाची मर्यादाच काढून टाकली आणि १९८१ मध्ये सिटीबँकेचा कार्डविभाग त्या राज्यातील सू फॉल्स या छोट्या शहरात जाऊन बसला. कार्डाचा धंदा तोट्यातून बाहेर पडला, देशव्यापी झाला, आणि बँकांनाही तोच प्रश्न पडला, की भरपूर खर्च करणारा ग्राहक शेजारच्या बँकेकडून ओढायचा कसा?

विमान कंपन्यांकडे रिकाम्या खुर्च्या होत्या, बँकांकडे पैसा. सोयरीक जुळणे अटळ होते.

१ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडव्हान्टेज’ योजना आणली. टेक्सास इंटरनॅशनल या छोट्या कंपनीने दोन वर्षे आधी असा प्रयोग केला होता. पण अमेरिकनकडे ‘सेबर’ ही संगणकीय आरक्षणप्रणाली होती. आरक्षणांत पुन्हा पुन्हा येणारे दूरध्वनी क्रमांक शोधून कंपनीने आपले नित्याचे प्रवासी हुडकले आणि त्यांना सभासद करून घेतले. काही दिवसांतच युनायटेडनेही आपली योजना जाहीर केली. विमान उडणारच असेल, तर रिकामी जाणारी खुर्ची सभासदाला देण्याचा खर्च नगण्य असतो. हे सारे गणित त्या रिकाम्या खुर्चीचे होते.

खरी कलाटणी मात्र १९८७ ची. सिटीबँक आणि अमेरिकन एअरलाइन्स यांनी संयुक्त कार्ड काढले, आणि विमानात पाऊलही न ठेवता किराणा घेऊन माइल्स मिळू लागले. बँक ते माइल्स विमान कंपनीकडून रोख पैसे देऊन विकत घेई. विमान कंपनी अशा रीतीने एक खाजगी चलन छापू लागली. ते किती छापायचे आणि त्याचे मोल किती ठेवायचे, हे तिचे तीच ठरवी.

प्रत्येक बँक नव्या ग्राहकाला स्वागताचे माइल्स देऊ लागताच अनेक कार्डांचे शास्त्र जन्मले. एक कार्ड घ्यायचे, ठरावीक खर्च पूर्ण करून स्वागतभेट पदरात पाडायची, मग दुसऱ्या बँकेचे. हॉटेलला एक, पेट्रोलला दुसरे, किराण्याला तिसरे. बिल मात्र दर महिन्याला पूर्ण फेडायचे, कारण एका महिन्याचे व्याजही सगळी कमाई गिळून टाकते. या पंथातील काहींची चिकाटी थक्क करणारी होती. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याने खाद्यपदार्थांवरील माइल्सची योजना बारकाईने वाचली आणि सुमारे ३,१०० डॉलरमध्ये १२,००० हून अधिक पुडिंगच्या वाट्या घेऊन साडेबारा लाखांच्या आसपास माइल्स मिळवले. वेष्टने सोलायला त्याने धर्मादाय संस्थेच्या स्वयंसेवकांची मदत घेतली आणि पुडिंग संस्थेलाच दान केले. (त्या दानावर करसवलतही घेतली, हे सांगायलाच हवे!)

बँका झोपल्या नव्हत्या. गेल्या २४ महिन्यांत पाच किंवा अधिक नवी कार्डे घेतलेल्यांना नकार, हा चेस बँकेचा अलिखित नियम २०१५ पासून परिचित झाला. गंमत अशी, की त्याच बँकेने ऑगस्ट २०१६ मध्ये आणलेल्या ‘सफायर रिझर्व्ह’ कार्डावर एक लाख पॉइंट्सची स्वागतभेट ठेवली आणि एवढी झुंबड उडाली, की कार्ड बनवायचा धातू अपुरा पडला. त्या वर्षाच्या अखेरच्या तिमाहीचा नफा २० ते ३० कोटी डॉलरने घटेल, असे बँकेच्या प्रमुखांनी स्वतः सांगितले. इकडे विमान कंपन्यांनी २०१५-१६ मध्ये अंतराऐवजी तिकिटाच्या किमतीवर माइल्स द्यायला सुरुवात केली. ‘माइल’ या शब्दाचा मैलाशी संबंध उरला नाही.

आता तो मूळ प्रश्न. अमेरिकेत कार्डावरच्या १०० डॉलरच्या खरेदीमागे दुकानदाराच्या हातून साधारण दोन डॉलर जातात. त्यातील मोठा हिस्सा ‘इंटरचेंज’ शुल्क म्हणून कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो आणि बक्षिसांचा बराचसा पैसा तेथूनच येतो. कार्डवाल्याकडून वेगळा आकार घेण्यास दुकानदाराला दीर्घकाळ करारानेच मनाई होती. म्हणून तो सगळ्यांसाठीच किमती वाढवी. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये हिशेब मांडला: रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डधारकांकडे सरकवते, आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळतात. रोखीने व्यवहार करणारे बहुधा गरीब असतात. व्याजात बुडालेले कर्जदार निराळेच. युरोपीय संघाने २०१५ मध्ये क्रेडिट कार्डावरील हे शुल्क ०.३ टक्क्यावर आणले, आणि तेथील कार्डांची बक्षिसे आटली. अमेरिकेने २०१० मध्ये डेबिट कार्डापुरतीच मर्यादा घातली; क्रेडिट कार्ड मोकळे राहिले.

भारतात १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून शुल्क घेतले जात नाही. तेथे पॉइंट्सना फारसा वाव नाही, आणि पॉइंट्सचा खेळ क्रेडिट कार्डावर एकवटला, याचे एक मोठे कारण हेच.

या चलनाचे वजन उघड झाले ते महामारीत. जून २०२० मध्ये युनायटेडने आपली सभासद योजना तारण ठेवून पाच अब्ज डॉलर उभे करण्याचे जाहीर केले. त्या योजनेचे कंपनीने सांगितलेले मूल्य संपूर्ण कंपनीच्या बाजारमूल्याहून अधिक होते. विमाने जमिनीवर होती. माइल्स तेवढे विकले जात होते.

मुंबईने हे वर्षभर आधीच पाहिले होते. जेट एअरवेजची ‘जेट प्रिव्हिलेज’ योजना २०१४ मध्ये वेगळ्या कंपनीत गेली आणि तिचा ५०.१ टक्के वाटा अबू धाबीच्या एतिहादने १५ कोटी डॉलरना घेतला. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालेले उड्डाण जेटचे अखेरचे ठरले. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार थकले. योजना मात्र जिवंत राहिली. त्याच वर्षी ती ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावाने उभी राहिली आणि सभासद आपले माइल्स हॉटेलांत, दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांत वापरत राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जेट एअरवेज अवसायनात काढण्याचा आदेश दिला, तेव्हा थकलेल्या पगाराचे दावे घेऊन तिचे कर्मचारी अजून रांगेतच होते.