अपग्रेडनंतर रखडणारा लॅपटॉप

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्या सुमारास विंडोज ११ वर गेलेले बरेच जुने लॅपटॉप रखडू लागले. हे रखडणे दोन प्रकारचे असते, एक आपोआप ओसरणारे आणि दुसरे मुक्काम ठोकणारे.

अपग्रेडनंतर विंडोज पडद्यामागे बरीच कामे उरकते. फाइलींची शोधसूची नव्याने बांधते, ड्रायव्हर उतरवते, डिफेंडरची तपासणी चालवते. लॅपटॉप चार्जरला लावून एक-दोन दिवस चालू ठेवावा. त्याआधी केलेल्या निदानाला अर्थ नसतो.

तरीही वेग आला नाही, तर टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोण शंभर टक्क्यांना टेकले आहे ते पाहावे. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा डिस्कच सापडते. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय हेड सरकायचे असतेच. त्यामुळे विखुरलेली माहिती सेकंदाला शंभर ठिकाणांहूनही वाचून होत नाही. विंडोज ११ ला मात्र सतत अशीच तुकड्यातुकड्यांची माहिती हवी असते. एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने हा आकडा हजारांत जातो. साटा जोडणीची साधी एसएसडीही पुरते.

इथे एक चकवा आहे. मेमरी भरली की विंडोज तिच्यातला काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागला की परत आणते. टंचाई मेमरीची, पण गर्दी डिस्कवर दिसते. म्हणून खर्च करण्याआधी दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. मायक्रोसॉफ्टची किमान अट ४ जीबीची आहे; माझ्या मते तेवढ्यात विंडोज सुरू होते, काम होत नाही. ८ जीबी धरूनच चालावे.

लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्रॅम बंद करावेत. रजिस्ट्री साफ करून देणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या नादी लागू नये.

उरला प्रोसेसर. अटी डावलून विंडोज ११ चढवलेल्या फार जुन्या इंटेल लॅपटॉपवर ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे संरक्षण जड जाते, कारण त्याला लागणारी सोय त्या प्रोसेसरमध्ये नसते. ते बंद करता येते. पण त्याच लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार होत असतील, तर मी ते चालूच ठेवेन.