मुलाच्या हातीं वाद्य

मराठवाड्यांत गोदावरीच्या उत्तरेस, जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत कुंभार पिंपळगांव हें गांव आहे. १६०८ सालीं समर्थ रामदास ज्या जांब गांवीं जन्मले, तें गांव याच परिसरांतलें. ह्या मुलखांत कीर्तन आणि भजन यांची वहिवाट जुनी. त्यामुळें येथील पुष्कळ मुलांच्या कानीं वाद्याचा पहिला नाद पडतो तो देवळांत. टाळ हातीं घेऊन उभें राहिलेलें मूल आधीं लय शिकतें, मग अभंगाची चाल, आणि हळूहळू त्याची नजर मृदंगाकडे वळते. परंतु नजर वळणें आणि हात बसणें यांमध्यें मोठें अंतर आहे. तें अंतर मूल एकट्यानें कधींच तोडीत नाहीं. कोणी तरी त्याला वाद्य द्यावें लागतें, कोणाला तरी त्याचा बेताल आणि बेसूर सोसावा लागतो, आणि जें आलें तें वाजवून दाखविण्याची जागा कोणी तरी करून द्यावी लागते. महाराष्ट्रांत हीं तीन कामें वेळोवेळीं कोणीं केलीं आणि त्यांतलें काय टिकलें, हें पाहूं गेल्यास संगीताच्या इतिहासाची एक दुर्लक्षित बाजू उजेडांत येते.

जुन्या काळीं हा भार गुरुगृह वाहत असे. वादकाच्या घरीं जन्मलेल्या मुलाला वाद्य विकत घ्यावें लागत नसे. तें घरांत भिंतीला टेकून ठेवलेलें असे, आणि त्याचे बोल पाळण्यापासून कानांत मुरलेले असत. बाहेरून आलेल्या मुलाची गोष्ट निराळी. त्याला विद्येचें मोल सेवेनें चुकवावें लागे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर १८४९ सालीं मिरजेजवळच्या बेडग गांवीं जन्मले. विद्येसाठीं त्यांनीं घर सोडलें, धारेस देवजीबुवांच्या घरीं पडेल तें काम केलें, आणि शेवटीं ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशीं त्यांची तहान भागली. ते गवई होते. पण वाद्य शिकूं पाहणाऱ्याची वाटही हीच असे. ह्या पद्धतींतून थोर कलावंत निपजले हें खरें. परंतु अर्ध्या वाटेवरून जे परतले त्यांची मोजदाद कोणीं ठेविली नाहीं. देणें गुरूच्या मर्जीवर आणि घेणें मुलाच्या चिकाटीवर. मुलाला आधार देणें हें समाजाचें काम आहे, ही कल्पनाच त्या व्यवस्थेंत नव्हती.

ती कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आकार घेऊं लागली. १८७४ सालीं पुण्यांत गायन समाज स्थापन झाला. १८८६ सालीं बडोद्यास सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयानें मौलाबक्ष यांनीं गायनशाळा काढली. मौलाबक्ष यांनीं स्वरलेखनाची पद्धति बसवून क्रमिक पुस्तकें तयार केलीं. वरवर पाहतां ही गोष्ट लहान वाटते. पण तिचा अर्थ मोठा होता. धडा कागदावर उतरला म्हणजे तो गुरूच्या लहरीवर अवलंबून राहत नाहीं. ठराविक वेळीं शाळेंत येऊन, धडा घेऊन, संध्याकाळीं आपल्या घरीं जाणारा विद्यार्थी संगीताच्या क्षेत्रांत प्रथमच दिसूं लागला. त्याच्या शिक्षणाचा खर्च संस्थानच्या खजिन्यांतून होत होता. लेखन-वाचन-गणिताप्रमाणें संगीतालाही सार्वजनिक पैशाचा वाटा मिळूं शकतो, हें बडोद्यानें दाखवून दिलें.

संस्थानाच्या खजिन्याचा आधार नसतांना हेंच काम करण्याचें धाडस विष्णु दिगंबर पलुसकरांनीं केलें. १८७२ सालीं कुरुंदवाड येथें एका कीर्तनकाराच्या घरीं त्यांचा जन्म झाला. लहानपणीं दारूकामाच्या अपघातांत त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि शाळेचें शिक्षण खुंटलें. अशा मुलाचें पुढें काय व्हावयाचें? मिरजेच्या अधिपतींनीं त्याला जवळ केलें आणि बाळकृष्णबुवांच्या हातीं सोपविलें. दृष्टि अधू झालेल्या एका मुलाला वेळेवर आधार मिळाला, म्हणून पुढें हजारोंना तो आधार देणारा माणूस महाराष्ट्राला लाभला. ५ मे १९०१ रोजीं पलुसकरांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडलें. १९०८ सालीं तें मुंबईस आणलें. फी देऊन शिकणारे विद्यार्थी होतेच. पण त्यांबरोबर नऊ वर्षांच्या करारानें विद्यालयांतच राहणारे गरीब विद्यार्थीही होते. त्यांचें जेवण, कपडालत्ता आणि शिक्षण विद्यालयाकडे असे. मुंबईच्या विद्यालयांत छापखाना होता, तसाच वाद्यें करण्याचा आणि दुरुस्त करण्याचा कारखानाही होता. गुरुदेव पटवर्धन यांनीं मृदंग-तबल्याच्या शिक्षणासाठीं पुस्तक लिहिलें. वाद्य, पुस्तक, गुरु आणि निवारा हीं चारी एका छपराखालीं आणण्याचा इतका मोठा यत्न महाराष्ट्रांत पूर्वीं झाला नव्हता.

पण हा सारा डोलारा एका माणसाच्या खांद्यावर उभा होता. जलसे करावे, त्यांच्या उत्पन्नांतून विद्यालय चालवावें, इमारतीसाठीं कर्ज काढावें, तें फेडण्यास पुन्हां जलसे करावे, असें हें चक्र होतें. १९२४ च्या सुमारास मुंबईची इमारत कर्जापायीं हातची गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजीं पलुसकर मिरजेस निवर्तले. त्यांच्या निष्ठेंत उणें कांहींच नव्हतें. उणें होतें तें भोंवतालच्या समाजांत. मुलगा किंवा मुलगी सतार शिकावी असें वाटणारीं घरें वाढत होतीं, पण त्या शिक्षणाचा भार वांटून घेणारे हात त्या मानानें वाढले नाहींत. एकट्याच्या त्यागावर उभी राहिलेली शाळा त्या एकट्याबरोबरच खचते, हा त्या घटनेचा कठोर धडा आहे.

शिष्यांनीं तो धडा ओळखला असावा. १९३१ सालींच गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालें. एका इमारतींत सर्व विद्यार्थी गोळा करण्याऐवजीं अभ्यासक्रम आणि परीक्षा एक ठेवून शिकविणाऱ्यांना गांवोगांव मोकळें सोडावें, अशी ही योजना होती. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या ठरल्या. तालुक्याच्या गांवीं दोन खोल्यांत वर्ग चालविणाऱ्या शिक्षकाला त्यामुळें मोठ्या शहराशीं नातें जोडतां आलें, आणि तबला किंवा पेटी शिकणाऱ्या मुलाला आपण कोठवर आलों हें कळण्याचें साधन मिळालें. ह्या व्यवस्थेचा दोषही लवकरच दिसला. प्रमाणपत्र हें साधन न राहतां साध्य होऊं लागलें, म्हणजे मूल परीक्षेपुरते कायदे घोटतें आणि परीक्षा संपतांच तबल्यावर गवसणी चढते. परीक्षा मुलाला पायरी दाखविते. जिना चढण्याची हौस तिला देतां येत नाहीं.

संस्थांचा आधार किती चंचल असूं शकतो, याचें एक उदाहरण नभोवाणीच्याच इतिहासांत आहे. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें पेटीला आपल्या कार्यक्रमांतून हद्दपार केलें. पेटींतून मींड निघत नाहीं आणि तिचे बांधलेले स्वर रागसंगीताच्या श्रुतींशीं जुळत नाहींत, हा आक्षेप शास्त्राच्या दृष्टीनें पोकळ नव्हता. ही बंदी १९७१ सालीं अंशतः उठली. तोंपर्यंत तीस वर्षांवर काळ लोटला होता. त्या काळांतही खेड्यांतल्या मुलांनीं पेटी सोडली नाहीं. कारण भजनाला ती लागत होती, शाळेच्या प्रार्थनेला लागत होती, नाटकाला लागत होती. ज्या वाद्याला गांवांत काम आहे तें वाद्य मूल शिकतें, आणि शिकलेलें विसरत नाहीं.

मराठवाड्याची कथा ह्याच सूत्रानें समजते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. पुण्या-मुंबईच्या संगीतशाळांचा वारा येथें उशिरां आणि थोडा पोंचला. तरीही येथें वाद्यविद्या मेली नाहीं, याचें श्रेय देवळाला आणि दिंडीला आहे. जालना जिल्ह्यांतीलच अंबड येथें गोविंदराव जळगांवकर यांच्या दत्तजयंतीच्या संगीतोत्सवानें मोठमोठ्या कलावंतांचें गाणें-बजावणें आडवाटेच्या श्रोत्यांपर्यंत आणलें. मृदंगाला तर वारकरी संप्रदायानें आसराच दिला. १९१७ सालीं विष्णुबुवा जोग यांनीं आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. माधुकरी मागून राहणारीं खेड्यापाड्यांतलीं मुलें तेथें ज्ञानेश्वरी आणि गाथा शिकलीं, आणि कीर्तनाच्या सोबतीला लागणारें गायन-वादनही त्यांनीं आपलेसें केलें. मराठवाड्यांतील आपेगांवचे शंकरबापू आपेगांवकर हे वारकरी परंपरेंतून वर आलेले पखवाजवादक. १९८६ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. भजनाच्या रांगेंतून निघालेली वाट राष्ट्रीय सन्मानापर्यंत पोंचते, याला याहून निराळा पुरावा नको.

देवळाची ही शाळा कशी चालते हें पाहण्यासारखें आहे. मृदंग देवळाचा किंवा भजनी मंडळाचा असतो. कोणा एका घरचा नसतो. त्यामुळें मजुराच्या मुलालाही त्यावर हात ठेवतां येतो. त्याला पहिलें काम मिळतें तें वाजविण्याचें नव्हे. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते. ती सैल झाली तर नाद पसरतो, घट्ट झाली तर कोंडतो. वाजवून झालें म्हणजे ती खरवडून काढावी लागते. वादी ओढून आणि गट्टे ठोकून उजवें तोंड सुरांत आणावें लागतें. हीं कामें करतां करतां मुलाचा कान तयार होतो, आणि मग ‘धा’ आणि ‘तिट’ हीं अक्षरें हातांत उतरूं लागतात. चुकलें तर टाळकरी सांभाळून घेतात, कारण पन्नास टाळांच्या गजरांत एका मुलाची चूक बुडून जाते. एकट्यानें श्रोत्यांपुढें बसण्याचें भय येथें नाहीं. वाद्य, सहनशीलता आणि संधी हे तिन्ही आधार देवळांत असे आपोआप एकत्र येतात.

मात्र ह्या शाळेचें एक दार फार काळ बंद होतें. मुलीला टाळ मिळाले, ओवी मिळाली. मृदंग क्वचितच मिळाला. चर्मवाद्य हें पुरुषाचें, ही समजूत शहरांतही होती. मुंबईच्या आबान मिस्त्री (१९४०–२०१२) ह्या तबल्याचें स्वतंत्र वादन करणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकीं एक. त्यांनीं वादन तर केलेंच, शिवाय पखवाज आणि तबला यांच्या घराण्यांचा आणि परंपरांचा इतिहासही लिहिला. जें बोटांना शक्य आहे तें रूढीनें नाकारलेलें होतें, एवढेंच त्यांच्या उदाहरणावरून सिद्ध होतें. गांवाचा मृदंग सर्वांचा म्हणावयाचा असेल, तर तो गांवांतल्या मुलींचाही असला पाहिजे.

देवळाच्या पलीकडील वाद्यांचा प्रश्न अधिक बिकट आहे. सतार किंवा तंबोरा घडविण्यासाठीं मिरजेचे कारागीर पंढरपूरच्या बाजूला पिकणारे मोठे भोपळे आणतात, ते वाळवितात, आणि अनेक दिवस खपून एक वाद्य पुरें करतात. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. अशा वाद्याची किंमत शेतमजुराच्या घराला झेपणारी नाहीं, आणि कारागिरानें ती कमी करावी असें म्हणणें म्हणजे एका गरिबाचा भार दुसऱ्यावर टाकणें होय. येथें सामायिक वाद्य हाच मार्ग उरतो. शाळेनें किंवा ग्रंथालयानें पुस्तकाप्रमाणें वाद्यही घरीं न्यावयास द्यावें, यांत अशक्य असें कांहीं नाहीं.

वाद्य मिळालें तरी घराचें काम संपत नाहीं. जपानांत शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनीं दुसऱ्या महायुद्धानंतर मात्सुमोतो येथें लहान मुलांना व्हायोलिन शिकविण्याची जी पद्धति रूढ केली, तींत मुलाच्या हाताला बेतेल एवढें छोटें वाद्य असतें, शिकावयाची चीज मूल आधीं पुष्कळ वेळां ऐकतें, आणि आई किंवा बाप स्वतः वाद्याचे आरंभीचे धडे घेतो. मातृभाषा जशी ऐकून येते तसें संगीतही ऐकून यावें, हें त्या पद्धतीचें मर्म. टाळकऱ्यांच्या रांगेंत उभें राहणारें मराठी मूल पिढ्यान् पिढ्या ह्याच रीतीनें शिकत आलें आहे. फरक इतकाच, कीं देवळांत जें सहज घडतें तें घरांत जाणूनबुजून घडवावें लागतें. रोजची एक ठरलेली वेळ, आरंभींच्या महिन्यांतल्या खडखडाटाला न हसणें, शेजारच्या मुलाशीं तुलना न करणें, आणि मूल वाजवीत असतां थोडा वेळ नुसतें जवळ बसून ऐकणें, यांना पैसा लागत नाहीं. लागतो तो धीर.

महाराष्ट्राच्या दीडशें वर्षांच्या अनुभवाचें सार एवढेंच निघतें. गुरुगृहानें विद्या राखली, पण दार अरुंद ठेवलें. एका थोर पुरुषानें दार उघडलें, पण त्याच्या चौकटीचा भार त्यालाच चिरडून गेला. परीक्षांनीं विद्या दूरवर नेली, पण तिला काम दिलें नाहीं. गांवच्या भजनानें मात्र वाद्य सर्वांचें ठेवलें आणि शिकलेल्या मुलाला तें वाजविण्याचें कारण दिलें. म्हणून तें टिकलें. कुंभार पिंपळगांवासारख्या गांवीं मुलाचें वादन पुढें न्यावयाचें असेल, तर शहरांतली शाळा उचलून आणण्याआधीं गांवांतला मृदंग नीट मढविलेला आहे कीं नाहीं, तो कोणाकोणाच्या हातीं जातो, आणि शिकविणाऱ्याच्या पोटाची सोय गांवानें केली आहे कीं नाहीं, हें पाहावें. तेवढें झालें म्हणजे सतार आणि व्हायोलिन यांनाही त्या गांवीं जागा सांपडेल.