घरगुती वातानुकूलनाचे दूरनियंत्रण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

‘लोड शेडिंग’ या इंग्रजी संज्ञेला मराठीत ‘भारनियमन’ हा प्रतिशब्द रूढ झाला. मूळ संज्ञेचा अर्थ भार झटकून टाकणे असा आहे. मराठी प्रतिशब्दाने मात्र त्याला शिस्तीचे वस्त्र चढविले. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे, की त्या काळात उपकेंद्रातून संपूर्ण वाहिनी बंद केली जाई. त्या वाहिनीवर पिठाची गिरणी आहे की दवाखाना, याचा विचार त्या बटणापाशी होत नसे. भार झटकला जाई, त्याचे नियमन होत नसे.

या शब्दाला अक्षरशः लागू पडेल अशी एक पद्धती अमेरिकेत त्याआधीच तीन दशके अस्तित्वात होती. तेथे वीज कंपनी वस्ती अंधारात न लोटता, ग्राहकाच्या संमतीने, त्याच्या घरातील केवळ एक यंत्र काही मिनिटांपुरते थांबवीत असे. हे यंत्र बहुधा वातानुकूलनाचे असे. प्रस्तुत निबंधात या पद्धतीच्या उदयाचा आणि तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या वादांचा मागोवा घेतला आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणून तो रंजक आहेच. परंतु घराच्या उंबऱ्याच्या आत कोणाची सत्ता चालावी, हा त्यातील खरा प्रश्न आहे.

कमाल मागणीचे अर्थकारण

वीज साठवून ठेवणे दीर्घकाळ अव्यवहार्य होते. ज्या क्षणी मागणी, त्याच क्षणी निर्मिती, हा या व्यवसायाचा मूळ नियम. त्यामुळे वर्षातील सर्वाधिक मागणीच्या मोजक्या तासांसाठी जेवढी यंत्रसामग्री लागते, तेवढी वर्षभर बाळगावी लागते. शिकागोच्या सॅम्युएल इन्सुल याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच हे मर्म ओळखले होते. इंग्लंडमधील ब्रायटन येथे आर्थर राइट याने ग्राहकाची कमाल मागणी नोंदविणारा मापक तयार केला होता. ग्राहकाने एकूण किती वीज वापरली, याइतकेच त्याने एका वेळी जास्तीत जास्त किती ओढली हेही महत्त्वाचे असते, हे इन्सुलने त्यावरून जाणले आणि आपली दररचना त्या पायावर उभी केली.

इन्सुलच्या काळी कमाल मागणी हिवाळ्यातील सायंकाळी येत असे. दिवे आणि ट्राम एकाच वेळी चालत. हे चित्र वातानुकूलनाने पालटले. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी हवेतील आर्द्रता नियंत्रित करणारी यंत्रणा आखली, तेव्हा माणसाच्या सुखाचा विचार त्यात नव्हता. कागद फुगून रंग सरकू नयेत एवढाच हेतू होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र खिडकीत बसविण्याचे यंत्र मध्यमवर्गीय घरात शिरले. १९६० मध्ये अमेरिकेतील साधारणतः आठांपैकी एका घरात वातानुकूलन होते. १९८० पर्यंत निम्म्याहून अधिक घरांत ते पोहोचले. बहुतेक वीज कंपन्यांची कमाल मागणी हिवाळ्यातील सायंकाळकडून उन्हाळ्यातील दुपारकडे सरकली. गंमत अशी, की ही मागणी वाढविण्यासाठी वीज कंपन्यांनी स्वतःच जाहिरातींवर भरपूर खर्च केला होता.

प्रारंभ : पाण्याच्या बंबापासून

दूरनियंत्रणाची कल्पना वातानुकूलनाच्या आधीची आहे. वीजवाहक तारांवरूनच वेगळ्या वारंवारितेचा संकेत पाठवून उपकरणे चालू-बंद करण्याची पद्धत युरोपात दोन महायुद्धांच्या दरम्यान विकसित झाली. न्यूझीलंडमध्ये १९५० च्या दशकापासून ती घरोघरीचे पाणी तापविण्याचे बंब नियंत्रित करण्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. अमेरिकेत डेट्रॉइट एडिसन या कंपनीने १९६८ मध्ये रेडिओ संदेशाद्वारे बंबांचे नियंत्रण सुरू केले.

बंबाची निवड सुज्ञ होती. तापलेले पाणी टाकीत तासन्‌तास उष्ण राहते. मधला तास-दीड तास वीज बंद राहिली, तर घरातल्यांना पत्ताही लागत नाही. वातानुकूलनाचे तसे नाही. घराच्या भिंती थोडा गारवा धरून ठेवतात खऱ्या, पण थोडाच. बंबाकडून वातानुकूलनाकडे जाताना वीज कंपनी ग्राहकाच्या नकळत घडणाऱ्या गोष्टीकडून त्याला अंगावर जाणवणाऱ्या गोष्टीकडे आली. पुढील सगळ्या वादांचे मूळ या संक्रमणात आहे.

हे संक्रमण घडविले ते १९७३ च्या तेलसंकटाने. इंधन महागले, नव्या वीजकेंद्रांचा खर्च आवाक्याबाहेर गेला, व्याजदर चढले. १९७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने संमत केलेल्या सार्वजनिक उपयोगिता नियामक धोरणविषयक कायद्याने राज्यांच्या नियामक आयोगांना काही मानकांचा विचार करणे बंधनकारक केले. भार-व्यवस्थापनाची तंत्रे हे त्यांपैकी एक मानक होते. नवे केंद्र उभारण्यापेक्षा मागणी खाली आणणे स्वस्त पडेल, हा विचार येथून राजमान्य झाला. १९८० च्या दशकात क्लार्क गेलिंग्ज यांनी त्याला ‘मागणीच्या बाजूचे व्यवस्थापन’ हे नाव दिले आणि ते जगभर रुळले.

पेटीच्या आत

यंत्रणा साधी होती. घराबाहेरील कॉम्प्रेसरजवळ एक छोटी पेटी बसवीत. तिच्यात रेडिओ संदेश ग्रहण करणारा भाग आणि एक स्विच असे. उन्हाळ्यातील कडक दुपारी कंपनी संदेश प्रक्षेपित करी. अर्ध्या तासापैकी पंधरा मिनिटे कॉम्प्रेसर बंद राही आणि घरातील पंखा फिरत राही. घरांचे गट पाडून त्यांच्या पाळ्या लावीत. त्यामुळे कोणत्याही क्षणी निम्मी यंत्रे थांबलेली असत. मोबदला म्हणून ग्राहकाच्या उन्हाळी बिलात ठरावीक सूट मिळे. फ्लोरिडा, मेरीलँड, मिनेसोटा, कॅलिफोर्निया या राज्यांत अशा योजना मोठ्या झाल्या. फ्लोरिडातील ‘ऑन कॉल’ योजनेत तर लक्षावधी ग्राहक सामील झाले.

या योजनांचा उल्लेख ‘ऊर्जाबचत’ असा सर्रास केला जातो. तो सैल आहे. कॉम्प्रेसर थांबला असताना घर तापते. तो पुन्हा सुरू झाला की साठलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी अधिक वेळ चालतो. वाचलेल्या युनिटांपैकी बरीच अशी परत खर्च होतात. शिवाय सर्व यंत्रे एकदम सुरू झाली, तर नवीच कमाल मागणी उद्भवते. म्हणून त्यांना टप्प्याटप्प्याने सोडावे लागते. या योजनांनी वाचते ती प्रामुख्याने क्षमता : एका तासासाठी लागणारे आणि उरलेले वर्ष निष्क्रिय राहणारे वीजकेंद्र.

दुसरी अडचण अधिक मासलेवाईक होती. अमेरिकी घरांत यंत्रे अनेकदा गरजेपेक्षा मोठी बसविली जात. जे यंत्र एरवीही अर्ध्या तासात पंधराच मिनिटे चालते, त्याला पंधरा मिनिटे थांबविल्याने काहीच साधत नाही. दुपारभर घर बंद ठेवून कामावर जाणारा ग्राहकही सूट घेई. त्यातच जुनी पेटी केवळ ऐकू शके, उत्तर देऊ शकत नसे. कोणती पेटी नादुरुस्त आहे, कोणती कोणी काढून टाकली आहे, हे कंपनीला नियंत्रणकक्षात बसून कळत नसे. नमुना-पाहणी करून अंदाज बांधावा लागे. पुढे यंत्राच्या चालण्याची आधी नोंद ठेवून त्या प्रमाणात थांबविणाऱ्या पेट्या आल्या आणि हा दोष काही अंशी दूर झाला.

श्वेप्प यांचा आक्षेप

या पद्धतीवरील सर्वांत मूलगामी टीका उद्योगाच्या आतूनच झाली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील फ्रेड श्वेप्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सजीवाचे शरीर ज्याप्रमाणे आपले अंतर्गत संतुलन राखते, त्याप्रमाणे वीजजाळ्यातील पुरवठा आणि मागणी यांनी परस्परांना प्रतिसाद देत संतुलन राखावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कंपनीने क्षणोक्षणी बदलणारी किंमत कळवावी आणि कोणते यंत्र थांबवायचे हे ग्राहकाने, किंवा त्याने लावून ठेवलेल्या उपकरणाने, ठरवावे. जाळ्याची वारंवारिता घसरताच आपोआप मागणी कमी करणाऱ्या घरगुती उपकरणाचीही कल्पना त्यांनी मांडली.

श्वेप्प यांचे निधन १९८८ मध्ये झाले; त्यांच्या कल्पनेला लागणारे स्वस्त गणकयंत्र आणि संदेशवहन त्यांच्या हयातीत उपलब्ध नव्हते. कंपन्यांनी थेट नियंत्रण पत्करले, कारण ते बिनचूक मोजता येत नसले तरी हुकमी होते. नियंत्रणकक्षातील अभियंत्याला किंमत वाढविल्यास कदाचित मागणी घटेल यापेक्षा बटण दाबल्यास घटेल हेच भरवशाचे वाटते. त्याचा दृष्टिकोन चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु त्यामुळे निर्णय घराबाहेर गेला, हेही खरे.

संमतीचे तीन प्रसंग

पहिला प्रसंग कॅलिफोर्नियातील. २०००-०१ च्या वीजसंकटात तेथे पाळीपाळीने वीज तोडावी लागली होती. त्या अनुभवानंतर राज्याच्या ऊर्जा आयोगाने इमारतविषयक नियमांत एक प्रस्ताव अंतर्भूत केला : नव्या इमारतींत रेडिओ संदेश ग्रहण करणारे तापमान-नियंत्रक बसवावेत, आणि आणीबाणीत त्यांवरील आज्ञा रहिवाशाला बदलता येऊ नये. जानेवारी २००८ मध्ये ही तरतूद लोकांच्या नजरेस आली आणि एवढा गदारोळ उठला, की त्याच महिन्यात ती मागे घेण्यात आली. संपूर्ण वस्तीची वीज तोडण्यापेक्षा तापमान काही अंश वाढविणे सौम्य, हा आयोगाचा युक्तिवाद तर्काला धरून होता. पण लोकांनी तो ऐकून घेतला नाही. वीज गेली तर ती आपत्ती. आपल्या भिंतीवरचे उपकरण दुसऱ्याचे ऐकू लागले तर ते अतिक्रमण. ही भावना केवळ हट्ट म्हणून सोडून देता येत नाही.

दुसरा प्रसंग बाल्टिमोरचा. तेथील वीज कंपनीच्या योजनेत ग्राहकाला पन्नास, पंचाहत्तर किंवा शंभर टक्के नियंत्रणाचा पर्याय होता. टक्केवारी वाढेल तशी सूट वाढे. २२ जुलै २०११ रोजी शहराजवळच्या विमानतळावर पारा ४१ अंश सेल्सिअसपर्यंत चढला. जाळ्याच्या आणीबाणीमुळे योजना पूर्ण क्षमतेने लागू झाली. ज्यांनी शंभर टक्क्यांचा पर्याय घेतला होता, त्यांची यंत्रे तासन्‌तास बंद राहिली. साध्या प्रसंगी आज्ञा रद्द करण्याची मुभा होती, आणीबाणीत नव्हती. तक्रारींचा वर्षाव झाला आणि राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाला त्यात लक्ष घालावे लागले. करारात सर्व अटी लिहिलेल्या होत्या. मात्र थंडगार खोलीत बसून जास्तीची सूट निवडणारा मनुष्य आणि त्या दुपारी घामाने भिजलेला मनुष्य यांची संमती एकच मानावी काय?

हा प्रश्न केवळ सुखसोयीचा नाही. जुलै १९९५ मधील शिकागोच्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत एकट्या राहणाऱ्या, निर्धन वृद्धांचा भरणा होता. एरिक क्लायनेनबर्ग यांनी आपल्या २००२ मधील ग्रंथात त्या मृत्यूंची सामाजिक चिकित्सा केली आहे. सूट ज्याला सर्वाधिक हवीशी वाटते, त्यालाच बंद यंत्र सर्वाधिक बाधण्याची शक्यता असते, हे या योजनांच्या आखणीत सहसा दिसत नाही.

तिसरा प्रसंग कोलोरॅडोचा. २०१० नंतरच्या दशकात पेटीची जागा इंटरनेटशी जोडलेल्या तापमान-नियंत्रकाने घेतली. हे उपकरण उत्तर देऊ शकते. त्यामुळे मोजमापाचा जुना प्रश्न बराचसा सुटला, आणि ग्राहकाला आज्ञा नाकारण्याची सोयही मिळाली. परंतु ३० ऑगस्ट २०२२ रोजी तेथील सुमारे २२,००० ग्राहकांना आपल्या नियंत्रकावर ऊर्जा-आणीबाणीची सूचना दिसली आणि तापमान बदलता येईना. योजना ऐच्छिक होती. सामील होताना १०० डॉलर आणि पुढे दरवर्षी २५ डॉलर मिळत. अनेकांना करारातील आणीबाणीच्या कलमाची आठवण त्या दिवशीच झाली.

याच्या तुलनेत ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडची पद्धत निराळी आहे. तेथील ‘पीकस्मार्ट’ योजनेत यंत्र पूर्ण बंद करण्याऐवजी त्याची वीज-ओढ मर्यादित करण्यावर भर आहे. यंत्रातच त्यासाठी निम्म्या आणि पाऊण क्षमतेचे टप्पे असावेत, अशी तरतूद ऑस्ट्रेलियन मानकात आहे. संदेश मात्र जुन्याच मार्गाने, वीजतारांवरून जातो. खोली थोडी कमी गार होते, इतकेच. या योजनेवर टीका झाली, पण उठाव झाला नाही.

महाराष्ट्राचा संदर्भ

महाराष्ट्रात कमाल मागणी भागविण्याचे काम दीर्घकाळ कोयनेच्या पाण्याने केले. तुटवड्याच्या वर्षांत दोन प्रयोग झाले, ज्यांची नोंद प्रस्तुत विषयाच्या संदर्भात घेतली पाहिजे. पुण्यात २००६ मध्ये उद्योगांनी आपली जनित्रे चालवून शहरासाठी वीज मोकळी केली. त्याच सुमारास महावितरणच्या ‘अक्षय प्रकाश’ योजनेत गावांनी सायंकाळी कृषिपंप न चालविण्याचे सामूहिक बंधन स्वीकारले आणि त्या बदल्यात घरांत दिवे राहिले. येथे रेडिओची पेटी नव्हती. शेजाऱ्याच्या पंपावर गावाचे लक्ष होते. संमती व्यक्तीची नव्हती, गावाची होती, आणि ती मोडणारा कोण हे सर्वांना कळत असे. अमेरिकी योजनांच्या अभ्यासकांनी हा पर्याय विचारात घेतल्याचे आढळत नाही.

शहरांतील प्रश्न आता वातानुकूलनापाशी येत आहे. १ जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या खोलीच्या वातानुकूलन यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवणे बंधनकारक झाले. ते बदलण्याची मुभा ग्राहकाला राहिली. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी यंत्राची मर्यादाच २० ते २८ अंशांच्या दरम्यान ठेवण्याचा विचार जाहीर केला, तेव्हा उमटलेल्या प्रतिक्रिया २००८ च्या कॅलिफोर्नियाची आठवण करून देणाऱ्या होत्या. मुंबईत टाटा पॉवरने २०२३ मध्ये मागणी-प्रतिसादाचा कार्यक्रम जाहीर केला आणि त्यात मोठ्या ग्राहकांबरोबर ५५,००० घरगुती ग्राहकांचाही समावेश करण्याचे उद्दिष्ट ठेवले. अशा योजनांचे करारपत्र मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत असावे आणि आणीबाणीचे कलम पहिल्या पानावर असावे, अशी अपेक्षा नियामक आयोगासमोर मांडण्यास अद्याप वेळ गेलेली नाही.