पंचविसाव्या हिश्श्याची मालमोटार

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाला जिच्यावरून नांव मिळालें ती गाडी मातीची आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून चारुदत्ताचा लहानगा रोहसेन मातीच्या गाडीवर रुसून बसतो, आणि वसंतसेना आपल्या अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडींत भरते. देवलांच्या कृपेनें हा प्रसंग मराठी प्रेक्षकांच्याही परिचयाचा झाला आहे. खेळण्यांतील गाडीचा हट्ट मात्र शूद्रकाहूनही पुरातन म्हटला पाहिजे. सिंधूच्या खोऱ्यांतील प्राचीन नगरांच्या उत्खननांत मातीच्या चिमुकल्या बैलगाड्या सांपडल्या आहेत. आणि आपल्याकडे प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं धातूचा एक लहानसा रथ मिळाला, त्याला बैल जुंपलेले असून वर सारथी उभा आहे. ज्या वाहनावर आपला संसार चालतो त्याचें लहान रूप करून जवळ बाळगावें, ही माणसाची हौस फार जुनी दिसते.

आज आम्हांला जिच्याविषयीं लिहावयाचें आहे ती गाडी मातीचीही नाहीं आणि सोन्याचीही नाहीं. ती प्लास्टिकची आहे, आणि तिचें जन्मस्थान अमेरिका. तेथील लांब पल्ल्याच्या मालमोटारी व त्यांचे ट्रेलर यांच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या प्रतिकृति घरीं बसून जुळवाव्या, आणि जुळवितांना त्यांत आपल्या मनाजोगे फेरफार करावे, हा छंद गेलीं पन्नासांवर वर्षें तेथील प्रौढ माणसें निष्ठेनें जोपाशीत आलीं आहेत. पोरखेळ म्हणून हंसून सोडून द्यावा असा हा विषय वरवर दिसतो खरा. परंतु त्याच्या पोटांत शिरलें म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट हातीं लागते. बैठ्या मोटारीच्या प्रतिकृतींत फेरफार करणारा मनुष्य मूळ गाडीपासून दूर जात असतो. मालमोटारीच्या प्रतिकृतींत फेरफार करणारा मात्र बहुधा मूळ गाडीच्या जवळ जात असतो. असें कां व्हावें, याचें उत्तर खऱ्या गाडीच्या इतिहासांत आहे.

१९१४ सालीं डेट्रॉईट शहरांतील ऑगस्ट फ्रुहाफ नांवाच्या लोहाराकडे लांकडाचा एक व्यापारी आला. आपली होडी फोर्ड मोटारीमागें जोडून नेतां यावी, अशी त्याची इच्छा होती. फ्रुहाफनें तिच्यासाठीं एक गाडा करून दिला. त्याला चाकें मागच्या बाजूलाच होतीं. पुढचा भार ओढणाऱ्या मोटारीच्या पाठीवर टाकलेला होता. निम्मा भार स्वतःचा आणि निम्मा दुसऱ्याच्या पाठीवर, म्हणून तो 'सेमी-ट्रेलर'. होडीचें काम झाल्यावर व्यापाऱ्याला तो इतका पसंत पडला कीं त्यानें लांकूड वाहण्यासाठीं आणखी गाडे मागविले. ओढणाऱ्या मोटारीच्या पाठीवरील ज्या जाड लोखंडी बैठकीवर ट्रेलर टेकतो व वळतो, तिला आजही 'पांचवें चाक' म्हणतात. हें नांव घोडागाडीच्या काळांतलें; पुढचा आंस वळावा म्हणून त्यावर जें आडवें चक्र बसवीत त्याला तें दिलेलें होतें. घोडे गेले, चक्रही पालटलें, पण नांव मागें राहिलें.

पुढें पश्चिम किनाऱ्यावर दोन कारखाने उभे राहिले, त्यांचीं नांवें या छंदांत वारंवार येतात. सीअ‍ॅटल येथें १९२३ सालीं केनवर्थ, आणि ओकलंड येथें १९३९ सालीं पीटरबिल्ट. दुसऱ्याचा संस्थापक टी. ए. पीटरमन हा मूळचा लांकडाचा व्यापारी; जंगलांतून ओंडके खालीं आणावयास त्याला गाड्या हव्या होत्या. त्या मुलखांत कोठें उंच घाट, कोठें वाळवंट, कोठें चिखल. शिवाय गाडीची लांबी व वजन यांविषयींचे कायदे प्रत्येक संस्थानांत निराळे. अशा ठिकाणीं एकाच मापाची गाडी सर्वांना चालणें शक्य नव्हतें. म्हणून गिऱ्हाइकानें शिंप्याकडे मापें द्यावींत त्याप्रमाणें कारखान्याला मापें द्यावयाचीं, अशी वहिवाट पडली. इंजिन कमिन्सचें घ्यावयाचें कीं कॅटरपिलरचें, गिअरपेटी कोणती, मागचे आंस किती भार सोसणारे, सांगाडा किती लांब, निजण्याची खोली हवी कीं नको, हें सारें घेणाऱ्यानें ठरवावयाचें. त्यामुळें एकाच नांवाच्या दोन गाड्या शेजारीं उभ्या केल्या तरी त्या जुळ्या निघतीलच असा भरंवसा नसे. 'मूळ' गाडी अशी एक नव्हतीच. जितके मालक तितक्या मूळ गाड्या.

आतां प्लास्टिकच्या गाडीकडे वळूं. १९४८ सालीं मिशिगन संस्थानांत एएमटी नांवाची कंपनी निघाली. मोटारविक्यांच्या दुकानांत गिऱ्हाइकाला नव्या मोटारीचा आकार व रंग दाखवितां यावा, एवढ्यासाठीं ती लहान नमुने करून देई. नांवांतला पहिला 'ए' अ‍ॅल्युमिनियमचा. परंतु त्या धातूची जागा लवकरच प्लास्टिकनें घेतली. मोठ्या आकाराचा नमुना हातानें कोरावयाचा, त्यावरून पँटोग्राफ यंत्रानें पोलादांत लहान सांचा उतरावयाचा, आणि त्या सांच्यांत वितळलेलें पॉलिस्टायरीन दाबानें भरावयाचें, अशी ही कृति. १९५८ सालीं याच कंपनीनें सुट्या भागांचे असे संच विकावयास काढले कीं त्यांतून एकच मोटार तीन तऱ्हांनीं जुळवितां यावी : कारखान्यांतून निघते तशी, हौशी तरुण सजवितात तशी, अथवा शर्यतींत धांवते तशी. फेरफार करण्याची हौस येथून पेटींत भरून विकली जाऊं लागली.

मालमोटारीची पाळी मागाहून आली. १९५६ सालीं अमेरिकेंत राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला, रुंद रस्त्यांचें जाळें देशभर पसरूं लागलें, आणि आगगाडीनें जाणारा पुष्कळसा माल रस्त्यावर आला. घाटांतल्या खाणावळींत रात्रीं उतरणारा ट्रकचालक हळूहळू लोकांच्या कल्पनेंतही उतरला. १९७० च्या सुमारास एएमटीनें पीटरबिल्टच्या ३५९ जातीच्या गाडीचा संच काढला. त्यामागून केनवर्थ, फ्रेटलायनर, ऑटोकार आले आणि त्यांना जोडावयाचे ट्रेलरही आले. त्या ट्रेलरांच्या पेटीवर फ्रुहाफचें नांव होतें. होडीसाठीं गाडा ठोकणाऱ्या लोहाराचें नांव साठांहून कमी वर्षांत मुलांच्या टेबलावर येऊन बसलें.

पुढचीं आठदहा वर्षें या छंदाच्या ऐन भराचीं होत. १९७३ सालीं तेलाची टंचाई झाली. दुसऱ्या वर्षीं ताशीं ५५ मैलांची वेगमर्यादा देशभर लागू झाली. आणि डिझेल कोठें मिळतें व पोलीस कोठें दबा धरून आहेत हें एकमेकांना कळविण्यासाठीं चालक मंडळी लहान रेडिओयंत्रें वापरूं लागली. त्यांच्या सांकेतिक बोलीवर १९७५ सालीं 'कॉन्व्हॉय' हें गाणें निघालें व देशभर गाजलें. 'मूव्हिन् ऑन' ही ट्रकचालकांची मालिका १९७४ पासून १९७६ पर्यंत दूरचित्रवाणीवर चालली, आणि तींतल्या केनवर्थ गाडीचा संच एएमटीनें विकला. या लाटेंत अनेकांनीं पेटी घेतली, जुळविली आणि विसरून टाकली. कांहींजण मात्र पेटी उघडून बसले आणि त्यांना अडचण दिसली : पेटींतली गाडी चांगली होती, पण ती आपल्या वडिलांची गाडी नव्हती.

आमच्या मतें या छंदाचा खरा इतिहास या अडचणीपासून सुरू होतो. समजा, एकाच्या वडिलांच्या गाडीचा पुढचा व मागचा आंस यांतील अंतर २५० इंच होतें. पंचविसाव्या हिश्श्यानें तें १० इंच झालें पाहिजे. पेटींतला सांगाडा आंखूड असला तर तो करवतीनें कापून मध्यें प्लास्टिकची पट्टी सांधावी लागते. आणि सांगाडा वाढला कीं मागच्या चाकांपर्यंत जाणारा फिरता दांडा वाढवावा लागतो, तेलाच्या टांक्या सरकवाव्या लागतात. ४० फुटी ट्रेलर या प्रमाणांत सव्वाएकोणीस इंचांच्या आसपास येतो. त्याचा मागचा दरवाजा निराळ्या तऱ्हेचा असला तर तोही नव्यानें करावयाचा. इंजिन दुसऱ्याच पेटींतून काढून बसवावयाचें. ओढणाऱ्या मोटारीपासून ट्रेलरकडे जाणाऱ्या हवेच्या दोन नळ्या असतात. निळींतून नेहमींच्या ब्रेकची आज्ञा जाते. लाल ट्रेलरला हवा पुरविते, आणि ती तुटली तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप आंवळले जातात. बारीक तार पिळून व रंगवून या नळ्या करतात, आणि त्यांचे रंग उलटे बसविलेले जाणत्याच्या नजरेंतून सुटत नाहींत. शेवटीं दारावरचें नांव. तें पातळ कागदावर छापून, पाण्यांत भिजवून, हलक्या हातानें दारावर सरकवावयाचें. मग नवा रंग मुद्दाम उतरवावयाचा, धुराड्याशीं काजळी धरावयाची, चाकांमागें चिखल उडवावयाचा. कारण वडिलांची गाडी कधींच नवी दिसत नव्हती.

या कामासाठीं यंत्राइतकाच कायदाही माहीत असावा लागतो. अमेरिकेंतील चपट्या तोंडाच्या, इंजिनावरच चालकाची खोली असलेल्या मालमोटारी चित्रांत पाहून पुष्कळांना ती केवळ एक तऱ्हा वाटते. वस्तुतः गाडी व ट्रेलर मिळून एकंदर लांबी किती असावी यावर पूर्वीं बंधन होतें; पुढचें नाक छाटलें म्हणजे तितकीच जागा मालाला मिळे. १९८२ च्या कायद्यानें महामार्गांपुरतें हें एकंदर लांबीचें बंधन काढून टाकलें, आणि लांब नाकाच्या गाड्यांना पुन्हां बरे दिवस आले. म्हणजे हातांत मावणाऱ्या त्या चपट्या तोंडामागें कायद्याचें एक कलम उभें असतें. चांगला कारागीर तें जाणतो, आणि १९७५ सालची गाडी १९९० सालच्या ट्रेलरला जोडण्यापूर्वीं दहा वेळां विचार करतो.

हें सारें फुकाचें वेड आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांला तसें वाटत नाहीं. युद्धांतलीं विमानें, राजेरजवाड्यांच्या मोटारी, पहिलीं आगगाडीचीं इंजिनें यांना संग्रहालयांत जागा मिळते. नित्याची मालमोटार मात्र चालते तोंवर राबते, थकली कीं दुसऱ्याला विकली जाते, आणि अखेर भंगारांत वितळते. १९८० च्या कायद्यानें मालवाहतुकीच्या धंद्यावरील सरकारी नियंत्रण बहुतांशीं उठलें, स्पर्धा वाढली, आणि अनेक जुन्या कंपन्या बुडाल्या. ज्यांच्या दारांवर त्यांचीं नांवें रंगविलेलीं होतीं त्या गाड्याही गेल्या. त्यांच्या रंगांची, अक्षरांच्या वळणाची, दिव्यांच्या रांगेची नोंद ठेवण्याचें काम कोणा इतिहासकारानें अंगावर घेतलें नव्हतें. तें चालकांच्या मुलांनीं घेतलें, जुनीं छायाचित्रें व वडिलांच्या आठवणी समोर ठेवून.

हीच हौस इतर देशांत निराळ्या रूपानें वाढली. जपानांत मालक आपले ट्रक दिव्यांनीं, चकचकीत पत्र्यांनीं व रंगीत चित्रांनीं मढवीत; १९७५ ते १९७९ या काळांत निघालेल्या 'तोराक्कु यारो' या चित्रपटमालिकेनें त्यांना कीर्ति दिली, आणि आओशिमा कंपनीनें अशा गाड्यांचे बत्तिसाव्या हिश्श्याचे संच काढले. तेथें ट्रकच सजलेला, म्हणून प्रतिकृतिही सजलेली. इटलीच्या इतालेरी कंपनीनें युरोपांतील मालमोटारी चोविसाव्या हिश्श्यानें पुरविल्या. आपल्या देशांतही 'मूळ' गाडीची गोष्ट कांहींशी अमेरिकेसारखीच. १९५४ सालीं जमशेटपुरास टाटांच्या मालमोटारी निघूं लागल्या, पण पुढें कित्येक वर्षें घेणाऱ्याला बहुधा नुसती चासीच मिळे. चालकाची खोली, लांकडी हौदा, त्यावरचीं फुलें, मोर आणि मागच्या फळीवरचीं अक्षरें, हें सारें गांवोगांवचे सुतार व रंगारी करीत. ज्याला आपल्या वडिलांचा ट्रक करावयाचा त्याला येथेंही कारखान्याचा नकाशा पुरणार नाहीं. रंगाऱ्याचा हात आठवावा लागेल.

एएमटीचे सांचे पुढें अनेक हातांतून गेले. कंपनी प्रथम इंग्लंडच्या लेस्नीकडे, नंतर आयोवांतल्या अर्टलकडे गेली. अलीकडच्या काळांत राऊंड टू या कंपनीनें त्यांतल्या कित्येक मालमोटारी पुन्हां बाजारांत आणल्या आहेत. पोलादाचा सांचा एकदां नव्या रूपासाठीं कोरून बदलला म्हणजे त्यांतून जुनें रूप पुन्हां निघत नाहीं, हा या धंद्यांतला कठोर नियम आहे. म्हणून जुन्या न उघडलेल्या पेट्यांना भारी किंमत येते. ज्यांना ती परवडत नाहीं ते एकमेकांसाठीं राळेचे भाग ओततात, आणि आतां संगणकावर आंखून यंत्राकडून छापूनही घेतात.

तरीही या प्रतिकृतींत एक उणीव राहते, ती सांगितली पाहिजे. चालकाचें जागरण, गाडीवरचें कर्ज, घरीं वाट पाहणारीं माणसें, यांपैकीं कांहींही पंचविसाव्या हिश्श्यांत येत नाहीं. धूळ रंगवितां येते, थकवा रंगवितां येत नाहीं. दायमाबादच्या रथावर सारथी उभा आहे. अमेरिकेच्या या पेट्यांत बहुधा सुकाणूचक्र असतें, आसन असतें, चालक मात्र नसतो. एवढा नेटका संच करणाऱ्यांनीं चालक कां घातला नाहीं, असें प्रथम आमच्या मनांत आलें होतें. आतां वाटतें, तें आसन रिकामें आहे हेंच बरें. त्यावर कोण बसत असे हें गाडी जुळविणाऱ्याला ठाऊक असतें. आणि सांगाडा कापतांना त्याचा हात चुकूं नये म्हणून तो एवढा जपतो, तें त्याच माणसासाठीं.